पृष्ठ बावीसचं शुद्धिपत्र

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी 'करपल्लव' मासिकाच्या संपादकाच्या डाव्या गालावर थप्पड बसली. मारणाऱ्यानं आधी रीतसर चौकशी केली होती. "संपादक आपणच का?" संपादकानं 'व्याजावरील करकपात : काही शंका' या लेखाच्या मुद्रितातून मान वर केली, खुर्चीतून अर्धवट उठला आणि म्हणाला, "हो, मीच. बसा ना." तर बसली ती ही. चष्मा उडून गोंदाच्या डब्यापाशी पडला. हातातल्या तांबड्या पेनानं 'शंका'च्या अनुस्वारापासून कागदाच्या कडेपर्यंत एक लांब रेघ ओढली. आणि पितळी ताट फरशीवर पडावं तसा एक आवाज कानात घुमायला लागला, तो काही केल्या थांबेना. "मला 'ये' म्हणता? ये?" समोरचा म्हातारा ओरडला. चालू अंक त्यानं गुंडाळी करून काठीसारखा धरला होता. "तुमच्या घरी पाणी भरतो का मी? अहो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आहे! आजीव सभासद! क्रमांक दोनशे सतरा!" हात उचलला तरी त्यानं 'अहो' खाली ठेवलं नव्हतं. मग अंक टेबलावर आपटून तो आल्या पावली जिना उतरून गेला. जाताना दार मात्र त्यानं हळू लावलं, कारण 'दार हळू लावावे' अशी पाटी दारावर होती.

खोलीत आणखी दोघं होती. संगणकावरच्या बाई पडद्याकडे इतक्या टक लावून बघत होत्या, की पडदा बंद आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. कोपऱ्यात गठ्ठे बांधणारा बाइंडर सुतळी दातात धरून तसाच उभा राहिला होता. संपादकानं गालाला हात लावला. गाल आपला वाटेना; कुणीतरी गरम परकी वस्तू चेहऱ्याला चिकटवून गेल्यासारखा वाटला. माणसाला अशा वेळी काय वाटावं हे त्याला वाचून माहीत होतं: अपमान, संताप, डोळ्यांपुढे अंधारी. प्रत्यक्षात त्याच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते इतकं निर्लज्ज होतं, की पुढे चार दिवस त्यानं ते स्वतःलाही नीटसं सांगितलं नाही. त्याला वाटलं: वाचला. कुणीतरी अंक वाचला.

करदात्यांच्या संघाचं हे मासिक. संस्थापक अध्यक्षांना कवितेचं अंग होतं, त्यांनी हे नाव ठेवलं. कर म्हणजे सरकारचा तो, आणि कर म्हणजे हातही. पल्लव म्हणजे पालवी. सगळ्याचा मिळून अर्थ काय, ते कुणालाच कळलं नाही, म्हणून नाव एकमतानं मंजूर झालं. तेव्हा बाविशीत असलेला संपादक दोन महिन्यांसाठी मदतीला म्हणून आला, तो एकेचाळीस वर्षं झाली, अजून मदतच करत होता. अंक वर्गणीतच मिळायचा. जी वस्तू वर्गणीतच मिळते ती माणसं फोडत नाहीत. एका सभासदाच्या घरी त्यानं लंगड्या टेबलाच्या पायाखाली तीन वर्षांचे अंक वेष्टनासकट बघितले होते, आणि टेबल अजिबात हलत नाही हे बघून त्याला बरंच वाटलं होतं. मासिकाच्या आठव्या वर्षी या बाइंडरची दोन बोटं कागद कापायच्या यंत्रात गेली. पातं खाली आलं, ऊस तोडताना होतो तसा आवाज झाला, आणि वार्षिक विशेषांकाच्या गठ्ठ्यावर रक्ताची चिळकांडी उडाली. बाइंडर इस्पितळात शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "उगमस्थानीच करकपात झाली, साहेब." तेव्हापासून सगळे त्याला आठबोटे म्हणतात, नव्या सभासदांना ते आडनावच वाटतं. पण सांगायचं ते वेगळंच. मुदत टळेल म्हणून डाग पडलेल्या साठ-सत्तर प्रती तशाच टपालात गेल्या, आणि एकाही सभासदाची तक्रार आली नाही. एकाचीही नाही. त्या महिन्यात संपादकाला कळलं, की आपण विहिरीत बोलतो आहोत.

टेबलावर आपटलेला अंक 'तज्ज्ञांचा सल्ला' या सदरावर उघडा पडला होता, पृष्ठ बावीस. प्रश्न दोनशे सतरा क्रमांकानंच पाठवलेला. मागची खोली भाड्यानं दिली होती, भाडेकरूशी तंटा चालू आहे, निकाल लागेपर्यंत त्या भाड्यावर कर भरायचा की नाही? तज्ज्ञांनी स्वच्छ लिहून दिलं होतं: 'निकाल लागेपर्यंत तूर्त कर भरू नये.' छापून आलं होतं: 'निकाल लागेपर्यंत तूर्त कर भरून ये.' एक अक्षर चुकलं नव्हतं. काना नाही, मात्रा नाही. मधली मोकळी जागा तेवढी 'न'च्या अलीकडून पलीकडे गेली होती, आणि एका ज्येष्ठ नागरिकाला मासिकानं घरच्या पोरासारखं दुकानावर पिटाळलं होतं. "ओळी ताणताना सरकलं असेल," संगणकावरच्या बाई अखेर म्हणाल्या. "पण मुद्रित तुम्हीच पास केलं होतंत." ते खरंच होतं. त्यानं ती ओळ तीनदा वाचली होती. तिन्ही वेळा त्याच्या डोळ्यांना 'नये' दिसलं, कारण एकेचाळीस वर्षं त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं. सही करू नये, विलंब करू नये, कोऱ्या फॉर्मवर विश्वास ठेवू नये. महिन्याला शंभरेक 'नये' तो हातावेगळे करायचा.

शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळात छापखान्यात एक जुळारी होता, खोकून खोकून वाळलेला आणि तोंडानं फाटका. शिशाची अक्षरं जुळवताना दोन शब्दांमध्ये तो शिशाचीच एक बारीक कोरी पट्टी घालायचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं पोरगेल्या संपादकाला शेजारी उभं करून सांगितलं होतं, "हे बघा साहेब, अक्षर चुकलं तर लोक हसतात. जागा चुकली तर माणूस मरतो. 'फाशी देऊ नये.' आता ही पट्टी इकडची काढून तिकडे घातली. वाचा." त्यानं वाचलं. 'फाशी देऊन ये.' जुळारी खोकत खोकत हसला होता, आणि संपादकाच्या पाठीवरून काहीतरी थंड सरकत गेलं होतं. कारण त्याला त्या क्षणी फाशी दिसली नव्हती. त्याला घराच्या तीन पायऱ्या दिसल्या होत्या, आणि बंद दार.

त्या पायऱ्यांवर बसला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. शाळेमागच्या मैदानात बोकड नावाच्या पोरानं त्याला धरून इतकं बुकललं होतं, की नाकातलं रक्त सदऱ्यावर येऊन वाळलं होतं. बोकडाला कारण लागायचं नाही. ऊन जास्त पडलं तरी तो मारायचा. हा रडत घरी आला. वडील दारातच उभे होते. त्यांनी रक्त बघितलं, सदरा बघितला, आणि विचारलं, "मार खाऊन आलास?" त्यानं मान हलवली. "जा. मारून ये. मग घरात ये." आणि दार लावलं. आतून आईचा आवाज आला होता, "अहो, लेकराला असं शिकवू नये. मारू नये कुणाला." मग आत चामडी पट्टा हवेत फिरल्याचा आवाज, आणि मग आईचा आवाज आला नाही. तो पायऱ्यांवर बसून राहिला. मधल्या पायरीला तडा होता, त्यातून मुंग्या जात-येत होत्या. त्या त्यानं एकेक करून अंगठ्यानं चिरडल्या. कुणाला तरी मारायचंच होतं. दिवेलागणीला त्यानं दार वाजवलं आणि म्हणाला, "मारून आलो." वडिलांनी त्याला उचलून घेतलं. आयुष्यात एकदाच. त्यांच्या दाढीचे खुंट त्याच्या सुजलेल्या गालाला टोचत होते, आणि ते सांगत होते, "माझा वाघ तो." दुसऱ्या दिवशी ते गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटले. ते बोकडाच्या कानावर गेलं, आणि मग बोकडानं त्याला पुन्हा मारलं, या खेपेला कारणासकट. तो मार त्यानं 'खेळताना पडलो' म्हणून खपवला. वडील गेले तोवर त्यांना वाटत राहिलं, की आपल्या मुलानं एकदा एकाला लोळवलं होतं.

दुपारी संघाच्या चिटणीसांचा फोन आला. बातमी त्यांना कुणी दिली कोण जाणे. "लागलं का फार?" "नाही." "मग ठीक. हे बघा, आजीव सभासद आहेत ते. शुद्धिपत्र छापा, आणि छापण्याआधी कागद त्यांना घरी नेऊन दाखवा. पसंत पडलं पाहिजे त्यांना." "साहेब, मारलं त्यांनी मला." "मारलं हो. नाही कोण म्हणतं? पण चूक कुणाची?" फोन ठेवून संपादकानं टेबलाकडे बघितलं. एकेचाळीस वर्षं ज्या टेबलावर तो कोकरासारखा बसत आला होता, त्यावर एवढी हत्यारं असतात हे त्याला आजच दिसलं. दाभण, कातर, पत्रं टोचून ठेवायचा लोखंडी खिळा, धार गेलेली तरी नखभर आत शिरेल अशी कागदी सुरी. त्यानं म्हाताऱ्याला एकेकानं मारून बघितलं. खिळा हनुवटीखालून, तोंडात शिरला तेव्हा कवळीवर खट्ट वाजलं. मग यंत्राच्या पात्याखाली उजवा हात, मनगटापासून. पातं सावकाश आणलं. मनात रक्त भरपूर निघालं आणि सगळं 'व्याजावरील करकपाती'वर सांडलं. पोटात एक गोड गोड कळ आली, भुकेसारखी. "साहेब," आठबोटे चहाचा पेला पुढे सरकवत हळूच म्हणाला, "एक सांगू? हात उचलायला हात लागतो. माझ्याकडे दीड आहे. तुमच्याकडे दोन आहेत." आणि गठ्ठे बांधायला निघून गेला.

घरी बायकोनं दार उघडलं, आणि चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "हे काय गालाला?"

"दार लागलं."

"दाराला पाच बोटं असतात का हो?"

मग सांगावं लागलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती, हातातलं फडकं हातातच. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही काय केलंत?" प्रश्न साधा होता, त्यात टोमणाही नव्हता. पण तो ऐकताना संपादकाच्या पायांखाली तडा गेलेली पायरी आली, मुंग्यांसकट. बायकोचा चेहरा दमलेला होता, आणि उत्तर तिला ठाऊक असल्यासारखा होता. चौतीस वर्षांपूर्वी, लग्नाला वर्ष झालेलं नसताना, बसथांब्यावर एका माणसानं तिला मुद्दाम धक्का मारला होता, आणि ती "अहो" म्हणून ओरडली तेव्हा हा खांबावरचं वेळापत्रक वाचत होता. त्यानं वळून बघितलं, माणसाकडे बघितलं, आणि म्हणाला, "जाऊ दे. हे बघ, 'शनिवार'मधला 'नि' दीर्घ लिहिलाय." ती गोष्ट तिनं पुन्हा कधी काढली नव्हती. म्हणूनच ती घरात कायमची राहत होती.

"मी पण ठेवून दिली एक," तो म्हणाला. "कानाखाली."

तिचे डोळे मोठे झाले. ती 'मारू नये' म्हणेल, अशी त्याची खात्री होती. "खरंच?" ती म्हणाली. "तुम्ही?" आणि मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, ते इतकं तरुण होतं की त्याला बघवेना. "बरं केलंत! बाई गं, बरं केलंत!" तिनं ओलं फडकं त्याच्या गालावर दाबून धरलं, चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत बहिणीला फोन लावलाही. "अगं, आमच्या ह्यांनी मारलं! हो, ह्यांनी! अगं नाही, मला नाही, दुसऱ्याला!" संध्याकाळी साडूचा फोन आला. "काय ऐकतोय मी? वाघच निघालात की हो तुम्ही!" दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजाऱ्यानं त्याला भिंतीशी सरकून वाट करून दिली. जेवताना बायको मध्येच हसायची आणि म्हणायची, "उजव्या हातानं की डाव्या?" "उजव्या." "आणि तो काय म्हणाला?" "काय म्हणणार?" दर वेळी थप्पड थोडी थोडी मोठी होत गेली, तिला आवाज आला, म्हाताऱ्याची टोपी उडाली, त्याला टोपी नव्हतीच. तिसऱ्या दिवशी कार्यालयात कुणी नसताना संपादकानं परत आलेल्या अंकांच्या गठ्ठ्याला एक थप्पड मारून बघितली. गठ्ठा हलला नाही. तळहात चुरचुरला. आता एकच गोष्ट राहिली होती. जे सांगून झालं ते करून यायचं. चौपन्न वर्षांपूर्वीचं दार अजून लागलेलंच होतं, आणि आता त्याच्या आत बायको बसली होती.

चौथ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी तीनच्या सुमाराला शुद्धिपत्राचा कागद खिशात घालून तो दोनशे सतरा क्रमांकाच्या घरी गेला. तळमजला, एकच खोली, मागची दुसरी कुलूपबंद. "या," म्हातारा म्हणाला, आणि त्या 'या'तल्या कान्यावर त्यानं असा भार दिला की काना वाकावा. कानात श्रवणयंत्र होतं, अंगात घरातलाही सदरा इस्त्रीचा. नोकरीत असताना तो वजनमापांचा निरीक्षक होता. दुकानादुकानांतून तराजू तपासत फिरलेला. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून पितळेचं एक किलोचं वजन होतं, सरकारी शिक्क्याचं. "खरं आहे," संपादक बघतो आहे असं बघून म्हातारा म्हणाला, "गुंजभर कमी नाही. या शहरात एवढंच एक खरं राहिलंय." भिंतीवर तीन मुलांचे फोटो होते. "तिघांनाही मारून मोठं केलं," तो म्हणाला. "चांगले निघाले. येत नाहीत." आणि फोटोंच्या खाली फळीवर, वर्षाचा एक असे, कापडी पाठीचे चाळीस खंड ओळीनं उभे होते.

संपादकानं आठव्या वर्षाचा खंड काढला. आपला हात खंडाकडे का गेला हे त्याला कळलं, पण हाताला आधी कळलं होतं. विशेषांक. पृष्ठ पाच. समासात सुकून तपकिरी झालेला नाण्याएवढा डाग, त्याभोवती पेन्सिलीनं काढलेलं वर्तुळ, आणि शेजारी बारीक अक्षरात एक प्रश्नचिन्ह. त्यानं पानं उलटली. प्रत्येक पानावर पेन्सिल होती. ऱ्हस्व, दीर्घ, निसटलेला अनुस्वार, दोनदा पडलेला 'आहे', उलटा लागलेला खिळा. प्रत्येक अंकाच्या शेवटी तारीख, एकूण चुका, आणि सही. सगळ्या चुका त्याच्या होत्या. बाविशीतल्या, लग्नाच्या महिन्यातल्या, वडील गेले त्या आठवड्यातल्या. त्या आठवड्यात सव्वीस. एक माणूस एकेचाळीस वर्षं त्याच्या मागून एकेक पाऊल मोजत चालला होता, आणि त्यानं एक पोस्टकार्ड टाकलं नव्हतं. "कळवलं का नाहीत कधी?" त्यानं विचारलं. "आम्हाला वाटायचं, कुणी वाचतच नाही."

"कळवून?" म्हातारा म्हणाला. "तपासायचं आपलं काम. कागद आणलात?"

कागद त्यानं दिला. म्हाताऱ्यानं पेन्सिल घेतली, आणि ओठ हलवत वाचलं: "'मागील अंकात पृष्ठ तेवीसवर "भरून ये" असे छापले गेले, ते "भरू नये" असे वाचावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'" पेन्सिल थांबली. "पृष्ठ बावीस," तो म्हणाला. "आणि गैरसोय नाही झाली. अपमान झाला. शुद्धिपत्रात दोन चुका." त्यानं दोन वर्तुळं काढली, सावकाश, गोल. मग चष्म्यावरून वर बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. दुकानदाराच्या तराजूकडे बघतात तसं तो बघत होता. "त्या दिवशी मी जिन्यात थांबलो होतो. म्हटलं, येईल मागून. आला नाहीत. नवल नाही. चाळीस वर्षं वाचतोय मी. वाचून कळतं, माणूस मारणाऱ्यातला नाही."

संपादकाचा हात गेला. त्यानं पाठवला असं म्हणता येणार नाही, गेला. थप्पड म्हाताऱ्याच्या गालावर आणि कानावर मिळून बसली. खुर्ची मागे भिंतीला आपटली, वरची कवळी अर्धी बाहेर आली आणि ओठ फाटून रक्ताचा एक धागा हनुवटीवर उतरला. संपादकाच्याच तोंडून ओरडा निघाला, कारण अंगठ्यात काहीतरी मोडल्यासारखी कळ गेली होती. म्हाताऱ्यानं डोळे मिटले, उघडले. कवळी जिभेनं जागेवर बसवली. इस्त्रीच्या सदऱ्यावर पडलेल्या थेंबाकडे बघितलं.

"पहिल्यांदाच?" त्यानं विचारलं.

"हो."

"दिसतंय. अंगठा आत दुमडलात." तो रक्तासकट आवंढा गिळून म्हणाला, "मारताना अंगठा आत धरू नये."

संपादकाचा हात टेबलावर टेकला होता, आणि हाताखाली काहीतरी थंड आणि गोल होतं. बघितल्यावर कळलं, वजन. ते तळहातात अगदी मापानं बसत होतं. त्यानं उचललं नाही, फक्त धरलं. पण धरल्याबरोबर पुढचं सगळं त्याला आधीच छापून आल्यासारखं दिसलं: कवटीचं हाड, त्याचा आवाज, फळीवरच्या कापडी पाठींवर उडालेले ठिपके, आणि त्याभोवती वर्तुळ काढायला कुणी नाही. त्यानं बोटं एकेक करून वजनावरून काढली. वजन सोडलं, आता जावं, असं त्याला वाटलं, आणि वाटत असतानाच त्याच हातानं, अंगठा नीट बाहेर ठेवून, त्यानं म्हाताऱ्याला दुसरी मारली. आणि तिसरी. दुसरी बायकोसाठी नव्हती, वडिलांसाठी नव्हती, 'ये'साठीही नव्हती. दुसरी त्याची स्वतःची होती. पोटातली ती गोड कळ अंगभर पसरली, आणि चौथीसाठी हात वर गेला तेव्हा म्हाताऱ्यानं डोक्यावर दोन्ही कोपरं धरली, लहान मुलं धरतात तशी. भिंतीवरच्या तिघांनी धरली असतील तशी. बोकड मारायचा तेव्हा तो स्वतः धरायचा तशी.

हात वरच राहिला. या वेळी म्हाताऱ्यानं काही दुरुस्ती सुचवली नाही.

श्रवणयंत्र खाली पडून टेबलाच्या पायापाशी बारीक, उंच आवाजात किंचाळत होतं. संपादक गुडघ्यांवर बसला आणि त्यानं ते शोधून काढलं. म्हाताऱ्यानं ते घेतलं, कानात घालायला गेला. तीनदा चुकलं. मग संपादकानंच ते त्याच्या हातातून घेतलं, कानाची लाल पाळी हळूच धरली आणि आत बसवलं. किंचाळणं थांबलं. "लागलं का?" त्यानं त्या कानात विचारलं. म्हाताऱ्यानं बाहीनं हनुवटी पुसली आणि पेन्सिल शोधायला लागला. पेन्सिल फरशीवर घरंगळत गेली होती. संपादक निघाला. दारावर पाटी नव्हती, तरी त्यानं दार हळू लावलं.

रस्त्यात लोक सुट्टीच्या दिवसासारखे चालत होते. एका बाईनं मुलाचं तोंड पुसलं. सायकलवाल्यानं घंटी वाजवली. झालं एकदाचं, तो मनाशी म्हणत होता, मारून आलो. वाक्यात आता एकही चूक नव्हती. ते त्यानं चालता चालता पुन्हा पुन्हा तपासलं; काना, मात्रा, मधली जागा, सगळं जागच्या जागी. पण घराचा जिना चढताना शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या तेव्हा तो थांबला. तो मधल्या पायरीवर बसला. पायरी सिमेंटची होती, तडा नव्हता, मुंग्या नव्हत्या. अंगठा सुजून काळानिळा पडला होता, आणि नखाशी रक्त होतं. ते आपलं नाही हे त्याला ठाऊक होतं. लहानपणी त्या संध्याकाळी त्यानं न मारता दार वाजवलं होतं, आणि दार उघडलं होतं, आणि कुणीतरी त्याला उचलून घेतलं होतं. खोटं सांगायला त्याला एक क्षण लागला नव्हता. आता खरं तोंडात होतं आणि ते तोंडातच फुगत चाललं होतं.

वर दार उघडल्याचा आवाज आला. "अहो? इथे काय बसलात पायरीवर?" बायको दोन पायऱ्या खाली आली. दुपारची झोप होऊन ती ताजी दिसत होती. चार दिवस ती अशीच दिसत होती. "ताईचे यजमान आलेत. कधीचे वाट बघताहेत तुमची. सगळं पहिल्यापासून ऐकायचंय म्हणतात." मग तिचं लक्ष गेलं. "अगंबाई, हाताला काय झालं?"

त्यानं हात सदऱ्याच्या आत घेतला.

"दार लागलं," तो म्हणाला.

तिनं वळून वर बघितलं. दार सताड उघडं होतं. आत दिवा लागलेला, साडूच्या चपला उंबऱ्यापाशी, आणि साडू हसत उठून उभा राहत होता.

"कुठे लागलंय?" ती म्हणाली. "उघडं तर आहे. या ना आत."